अम्माच्या आवाजाची टेप

“चित्र पाहिजे का आवाज?” इरण्णानं विचारलं.

“दोन्ही.”

“मग स्वस्तात होत नाय ओ ताई.”

नवी पेठेतलं त्याचं दुकान म्हणजे मेलेल्या संगणकांचं कोठार. मी काउंटरवर अंबादास मामाचा हँडीकॅम ठेवला, शेजारी टेप ठेवली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. मामानं हा कॅमेरा मस्कतहून आणला त्याला तेव्हाच बरीच वर्षं झाली होती. इरण्णानं तो बाजारात कोंबडी उलटीपालटी करून बघतात तसा बघितला आणि त्याच्या कडेची रबरी झाकणं नखानं उघडली.

“हे बघा, ही दोन भोकं. ह्याच्यात पिवळी-लाल-पांढरी वायर लावायची. ती वायर ह्या डबीत, आन् डबी तुमच्या संगणकाला. ही स्वस्त. दुसरं भोक डीव्हीचं. त्याला संगणक उघडून आत कार्ड बसवायचं, केबल वेगळी. टेपवर जसं हाय तसंच्या तसं उतरतं. पण कार्ड महाग.”

“आणि डबीनं?”

“दुधात पाणी घालून पिता का नाय? तसं.”

“पाणी चालेल. दूध दिसलं म्हणजे झालं.”

“स्टुडिओत का देत नाय? दोन दिवसांत सीडी करून देतोय तो.”

तोही विचार मी करून टाकून दिला होता. आमच्या भागात टेप उतरवून देणारा स्टुडिओ एकच, आणि त्याच्या निम्म्या ऑर्डरी विडी कारखान्याच्या मॅनेजरच्या ओळखीनं यायच्या. ह्या टेपमध्ये त्याच कारखान्याचं गेट होतं. ती त्याच्या हातात देऊन मी बाहेर बाकड्यावर बसून राहू? इतकी खुळी मी नव्हते.

“डबी द्या,” मी म्हटलं. “आणि गुरुवारच्या आत चालली पाहिजे. शुक्रवारी माणूस गावाला जाणार आहे.”

“कोण माणूस?”

“तुम्हाला काय करायचंय? डबी द्या.”

माणूस म्हणजे भूदेवी चिन्नम्मा; आमच्या तेलुगूत चिन्नम्मा म्हणजे मावशी. माझ्या आईची, अम्माची, सख्ख्या बहिणीसारखी मैत्रीण. आमच्या गल्लीतल्या घरोघरच्या बायका विड्या वळायच्या, ह्या दोघीही. एकाच चटईवर, एकीच्या सुपात दुसरीची पानं. मग कारखान्यात तो बंदचा प्रकार झाला. विड्या तपासणारा माणूस चांगल्या विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा आणि त्या परत द्यायचा नाही. बायका पेटल्या, काम बंद पाडून गेटावर बसल्या. पुढे कोण? माझी अम्मा, नरसव्वा. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण बोलायला उभी राहिली की रस्त्यावरचा टांगेवाला घोडा थांबवायचा.

शेवटी एक दिवस शेठनं अम्माला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका कामावर घेतल्या, तिघी सोडून. त्या तिघींनी तपासनिसाला धरून मारलं होतं. त्यातली एक भिवंडीला गेली, एक पुढे वारली. तिसरी भूदेवी.

“नरसव्वानं आत जाऊन तिघींना विकलं.” गल्लीत हे एवढंच शिल्लक राहिलं. नळावर, हळदीकुंकवाला, मयतीला, कुठंही. भूदेवी चिन्नम्मानं अम्माशी बोलणं टाकलं. समोरासमोर घरं, आणि ती मान वळवून जायची. अम्मानं कधी खुलासा केला नाही. मी विचारलं की म्हणायची, “झालं ते झालं.” गेटावरच्या बायकांना विचारावं तर प्रत्येकीचं वेगळं. मी त्या दिवशी तिथं नव्हते, छापखान्यात टायपिंगला होते. पण मला माझी अम्मा माहीत होती. बाहेर येऊन ती त्या तिघींसाठी भांडली असणार. बाकीच्या भित्र्या. पोटं भरल्यावर त्यांनी सगळं हिच्या डोक्यावर टाकलं.

आता खुलासा करायची सोयही उरली नव्हती. आयुष्यभर तंबाखूत बसून अम्माच्या घशाला रोग झाला आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. ओठ हलायचे, आवाज नाही. लिहिता येत नाही. तिचं म्हणणं मी अंदाजानं ओळखायची.

“पाणी?” मी विचारायची. मानेनं नाही.

“पांघरूण? लघवीला?” नाही, नाही. मग ती वाटी आपटायची, मी ओरडायची, आणि दोघी भिंतीकडं तोंड करून बसायचो.

अशात मामाच्या ट्रंकेत ती टेप निघाली. बंदच्या शेवटच्या दिवशी मामा नवा कॅमेरा मिरवायला गेटावर गेला होता. समोर उभ्या टेम्पोच्या टपावर चढून त्यानं अम्माचं भाषण घेतलं होतं.

“काय बोलली अम्मा, सांग की,” मी त्याला विचारलं.

“मी रस्त्याच्या पलीकडं, हॉर्न, गोंधळ. डोळा काचेला चिकटलेला,” मामा म्हणाला. “मला काय ऐकू येणार? बॅटरी संपायलीय का एवढंच बघत होतो.”

त्याच आठवड्यात भूदेवी चिन्नम्माच्या मुलानं करीमनगरात घर घेतल्याचं कळलं. म्हातारी शुक्रवारी कायमची जाणार होती.

मी डबी घेऊन घरी आले. कॅमेऱ्याला वायर, वायर डबीला, डबी संगणकाला. संगणक माझा जुना, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं टाइप करायचा. डबीबरोबरची सीडी घातली तर तो अडकला, बंद करून चालू केला तर वीज गेली. तेव्हा सोलापुरात भारनियमन असं होतं की वीज येणं हाच सण. मी हातपंख्यानं संगणकाला वारा घातला, जसा काही तो त्यानं चालणार होता.

वीज आली. टेप फिरली. निळ्या पडद्यावर आधी मुंग्या आणि मग एकदम गेट. बायकाच बायका, खांद्यावर पदर, कडेवर पोरं. आणि तंबाखूच्या उलट्या खोक्यावर उभी अम्मा. मामाला झूमचा नाद. भस्सकन तिचा चेहरा जवळ आला. कपाळाचं कुंकू, घाम, उघडं तोंड.

आवाज नाही.

मी स्पीकर वाढवला. लाल वायर काढून पांढऱ्याच्या जागी घातली. पांढरी लालच्या. फुंकलं. आपटलं. पडद्यावर अम्मा तोंड फाडून बोलत होती आणि माझ्या मागं खाटेवर अम्मा बसली होती. दोघींचाही आवाज नाही. हसावं की रडावं, मला कळेना.

मी वळले. खाटेवरची अम्मा हात हलवत होती, बंद कर, बंद कर. ओठ भराभर चालले होते.

“वायरीवर कशाला पैसे घातले, असंच ना?” मी म्हटलं.

तिनं मानेनं नाही म्हटलं.

“मग? डोळे दुखतात? अम्मा, तुझ्यासाठीच करायलेय मी हे!”

तिनं फडक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडं वळली.

इरण्णाकडं जाऊन मी डबी काउंटरवर आपटली. “ही मुकी आहे.”

“मी काय बोललो होतो? स्वस्त डबीत आवाजाची बोंब असती. चित्र आलं की नाय? मग!”

“कार्ड काढा.”

“महाग हाय म्हटलं होतं मी.”

“अजूनपण परवडत नाही. जुनं असेल बघा कुठल्यातरी मेलेल्या संगणकात.”

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा चेष्टा थांबवली. “ताई, काय हाय ओ त्या टेपमध्ये?”

“आईचा आवाज आहे. आता तिला नाही.”

त्यानं फळीवरून एक डबडा संगणक ओढला, पेचकस फिरवला, धुळीनं माखलेलं कार्ड काढून ब्रशनं झाडलं. बदल्यात मी त्याची पावतीपुस्तकं आणि दुकानाची पाटी टाइप करून द्यायची असं ठरलं. केबल मात्र नवी घ्यावी लागली. त्या एवढ्याशा केबलीनं महिन्याचा किराणा खाल्ला. रिक्षा न करता चालत आले, उन्हात, कार्ड पदरात गुंडाळून.

बुधवारी दुपारी संगणकाचं पोट उघडलं. माझे हात टायपिंगचे, पेचकसाचे नाहीत. बोट कापलं, कार्ड तिरकं बसलं, परत बसवलं. संगणकानं त्याला ओळखलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. ह्यात एक गंमत असते ती तेव्हा कळली: टेप घाईनं उतरत नाही. जेवढा वेळ ती घडली होती, तेवढाच वेळ ती परत घडते, आणि तुम्ही समोर बसायचं.

चित्र काय आलं! गेटाचा गंज मोजावा इतकं. अम्माच्या खालच्या दातातली फट दिसली.

आवाज नाही.

मी ताडकन उठले आणि कॅमेरा उचलून, चपला न घालता मामाकडं गेले. मामा ओट्यावर बनियनवर बसून पेपर वाचत होता.

“मामा, तुझ्या कॅमेऱ्याला कान आहेत का नाहीत?”

“हायेत की.”

“मग आवाज कुठं मेला?”

“कशाचा आवाज?” त्यानं पेपर खाली ठेवला, कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि एका कडेला बोटानं चाचपलं. तिथं काळी, तुटक्या हेडफोनची पिन घुसवलेली होती. इतके दिवस मला ती कॅमेऱ्याचाच भाग वाटली होती. “ही असल्यावर आवाज कसा येईल?”

“ही काय आहे?”

“अगं, मी तेव्हा लग्नं घ्यायचो ना. लग्नात आवाज घेतला तर काय येतं? पंगतीतला कालवा, पोरांची रडारड. म्हणून माइकच्या भोकात पिन खुपसून ठेवायची. आवाज बंद. नंतर वरून गाणी टाकायची. सगळे व्हिडिओवाले असंच करायचे.”

“अरे, पण ते लग्न होतं का!”

“काढायचं ध्यानात नाही राहिलं बे,” मामा म्हणाला. आणि मग, माझं तोंड बघून, “गाणं टाकायचं का त्याच्यावर एखादं?”

त्या दिवशी मी माझ्या सख्ख्या मामाला जे बोलले ते इथं छापता येणार नाही.

म्हणजे आवाज कधी नव्हताच. डबी खरी होती, कार्ड खरं होतं, मीच भुतामागं पळत होते. गुरुवारी सकाळी मी दारात बसून होते. भूदेवी चिन्नम्माच्या दारात गोणपाटात बांधलेली भांडी, एक पत्र्याची पेटी. ती सुंभानं पेटी आवळत होती. अम्मा खिडकीतून ते बघत होती, रोज बघायची तसंच, पण आज हललीच नव्हती.

मला राहवलं नाही. गल्ली ओलांडून गेले.

“चिन्नम्मा, आमच्या घरी चल.”

“का? मेली का तुझी अम्मा?”

“नाही. गेटाची टेप मिळालीय. तू जायच्या आधी बघून जा. तिनं विकलं म्हणतेस ना, मग तिचं तोंड बघ आणि म्हण.”

“तिचं तोंड बघूनच कंटाळले मी. काय बोलते त्यात?”

“आवाज नाही.”

ती हसली. पान खाऊन काळे झालेले दात. “मग काय सिनेमा दाखवायलीस? मुका?”

“हो. मुका.”

तिनं सुंभाला गाठ मारली, परत सोडली. “मी हाय का त्यात?”

“सगळ्या आहेत.”

पदर झटकून ती उठली. आमच्या उंबऱ्याच्या आत यायला तिला एवढी वर्षं लागली आणि आली ती “किती अंधार ठेवलाय घरात” म्हणत. अम्मा खाटेवर सावरून बसली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. एक खाटेवर, एक जमिनीवर, मधे मी आणि संगणक.

मी फीत चालू केली.

गेट. बायका. खोक्यावर अम्मा. भूदेवी चिन्नम्मा आधी मागं रेलून बसली होती. मामाच्या झूमनं अम्माचं तोंड जवळ आणलं तशी ती पुढं सरकली. आणखी पुढं. पडद्यापासून वीतभर. तिचेही ओठ हलायला लागले, अगदी बारीक.

“काय करायलीस?” मी विचारलं.

“थांब. ऐकू दे.”

“आवाज नाही म्हटलं ना!”

“तुला नाही.” तिनं नजर काढली नाही. “विडी सुटल्यावर मी कुठं गेले? यंत्रमागाच्या शेडमध्ये, सुताच्या कांड्या भरायला. माग चालू झाले की तिथं कान बिनकामाचे. शेजारची बाई कोकलली तरी ऐकू येत नाही. तोंडाकडं बघूनच बोलतो आम्ही. आतापर्यंत तेच केलं.”

मी तिच्याजवळ सरकले. “मग सांग! काय म्हणते अम्मा?”

तिनं फीत मागं घ्यायला लावली. मी घेतली. आणि भूदेवी चिन्नम्मा अम्माच्या ओठांवरचं तेलुगू मोठ्यानं बोलायला लागली, थांबत थांबत. मराठीत ते असं:

“बायांनो, ऐका. शेठ म्हणतो, तिघी सोडून सगळ्या आत या. भूदेवी, आणि त्या दोघी. मी नाही म्हणून उठले होते. पण दारापर्यंत येईस्तोवर विचार केला. त्या तिघींच्या घरात नवरे कमावतात. त्या मरायच्या नाहीत. आपण मरू. मी सांगते, त्यांना सोडा. आत चला. पटत असेल त्यांनी हात वर करा.”

“खोटं,” मी म्हटलं. “तू तुझ्या मनाचं सांगायलीस. ओठ वाचलेस का आठवून बोलतेस?”

“आठवत तर होतंच. आता दिसलं.”

“अम्मा!” मी वळले. “हे असं म्हणालीस तू?”

अम्मानं माझ्याकडं बघितलं. मग मान हलवली, वर खाली, एकदाच. खाटेवर तळहात आपटला. हो. मीच.

गेले कित्येक दिवस ती हात हलवून, ओठ हलवून मला जे सांगत होती ते हे होतं. आणि मी तिला पाणी विचारत होते, वायरीचे पैसे विचारत होते. तिनं त्यांना विकलं होतं. कुणी तिच्या डोक्यावर टाकलं नव्हतं. मी तिच्यासाठी कार्ड आणलं, बोट कापून घेतलं, आणि उतरवून काय घेतलं, तर हे. मला तिचा राग आला. खरं सांगते, त्या क्षणी मला ती खाटेवरची म्हातारी नको झाली.

फीत पुढं चाललीच होती. मामानं झूम मागं घेतला. पडद्यावर हात वर जाऊ लागले. बांगड्या, गोंदलेले हात, आधी थोडे, मग सगळं गेटच हातांचं.

“थांबव,” भूदेवी चिन्नम्मा म्हणाली.

मी थांबवलं.

“त्या खांबाजवळ बघ. कडेवर टोपली, हिरवं लुगडं.”

बघितलं. तेव्हाची भूदेवी. टोपली डाव्या कडेवर. उजवा हात वर.

“तू?”

“मी.”

“तू स्वतःलाच काढायला हात वर केलास?”

“माझी थोरली सून गर्भार होती. तिचंबी काम त्याच कारखान्यात. मी अडून बसले असते तर तीबी बाहेर.” ती पडद्याकडंच बघत बोलत होती. “नरसव्वानं खोक्यावरून माझ्याकडं बघितलं. हात वर कर, असं नाही म्हणाली ती. बघितलं नुसतं. मी केला. घरी आले आणि नवऱ्यानं विचारलं, तुझं काम का गेलं? मी काय सांगू? मीच हात वर केला म्हणू? म्हटलं, नरसव्वानं आत जाऊन विकलं. ते गल्लीला आवडलं. सगळ्यांचेच हात वर होते ना.”

“आणि एवढी वर्षं तू तिला...”

“तिच्याशी बोलले असते तर हे बोलावं लागलं असतं.”

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव चालले होते. मला काहीतरी मोठ्यानं म्हणायचं होतं, दोघींना मिळून शिव्या द्यायच्या होत्या.

खाटेवर अम्माचे ओठ हलले.

मी सवयीनं उठले. “पाणी?”

“पाणी नाही मागत,” भूदेवी चिन्नम्मा म्हणाली. आता ती वळली होती आणि अम्माच्या तोंडाकडं तसंच बघत होती, शेडमधल्या बाईकडं बघावं तसं. “विचारतीय, करीमनगरात तंबाखू मिळते का. म्हणते, सोड आता.”

ती खाटेजवळ सरकली आणि उत्तर दिलं. आवाज न काढता, शेडच्या सवयीनं. नुसते ओठ, आणि एका हाताच्या बोटांच्या खुणा. अम्मानं लगेच काहीतरी म्हटलं. तिनं मान उडवली, परत काहीतरी. अम्माचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, श्वास अडकला की काय. नाही. ती हसत होती. ऑपरेशनपासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं, कारण ती बोलेल ते कुणाला कळतच नव्हतं.

मग हसणं थांबलं. अम्मा पुढं वाकली. फडक्यावरचा हात काढून तिनं भूदेवी चिन्नम्माच्या मनगटावर ठेवला आणि हळू, एकेक अक्षर ओठांवर ठेवत काहीतरी सांगू लागली. लांबलचक. भूदेवी चिन्नम्मानं एकदाही मधे तोंड घातलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायलाही तिनं नजर काढली नाही, पुसलं असतं तर एखादा शब्द चुकला असता.

मी कधी इकडं, कधी तिकडं बघत राहिले. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

“काय म्हणतेय?” मी विचारलं. “चिन्नम्मा, सांग ना. काय म्हणतेय अम्मा?”

भूदेवी चिन्नम्मानं माझ्याकडं बघितलंही नाही.

“तुला सांगायचं असतं,” ती म्हणाली, “तर तुझ्याकडं तोंड करून बोलली असती.”